‘पश्चात्ताप’, ‘क्षमा’ आणि ‘स्मृतिचित्रे’ : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका प्रश्नाचा विचार

प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी लेखन झालेले आढळते. एक, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून (1616) रेव्हरंड नारायण वामन टिळकांपर्यंतच्या कवींनी मराठी भक्तिकाव्याची परिभाषा कशी आत्मसात केली, याचा शोध, आणि दोन, धर्मांतरामागील सामाजिक कारणांची मीमांसा. हे दोन्ही प्रयत्न मोलाचे आहेतच. परंतु ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या दोन संकल्पना, पश्चात्ताप आणि पापक्षमा, मराठीत आल्यावर त्यांचे नेमके काय झाले, हा प्रश्न या दोहोंच्या मधल्या जागेत राहून गेला आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

‘स्मृतिचित्रे’ हे क्षमेविषयीचे पुस्तक म्हणून सहसा वाचले जात नाही. 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे कौतुक झाले ते त्यातील निर्मळ विनोदासाठी, बोलीच्या सहजतेसाठी आणि टिळकांच्या लोकविलक्षण स्वभावचित्रासाठी. हे कौतुक रास्तच आहे. मात्र त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला, तो असा की लक्ष्मीबाईंनी सगळे ‘हसत हसत सहन केले’. हा गैरसमज केवळ एका पुस्तकाच्या वाचनापुरता मर्यादित नाही. त्याची मुळे आपण ‘क्षमा’ या शब्दाला दिलेल्या अर्थात आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

शब्दांची वाट

नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला, तो म्हणजे ‘मेतानोइया’. त्याचा मूळ अर्थ मनाचा पालट, बुद्धीने घेतलेले वळण. त्यामागे असलेली हिब्रू कल्पना तर अधिकच मूर्त आहे: ‘शूब’ म्हणजे मागे फिरणे, परतणे. संदेष्टे इस्राएल लोकांना वारंवार सांगतात ते हेच, की मागे फिरा. या शब्दांत दुःखाला जागा आहे. पण भर दिशेवर आहे. ‘पश्चात्ताप’ या संस्कृत शब्दात मात्र भर ‘तापा’वर आहे. कृत्य घडून गेल्यानंतर मनाला होणारी जळजळ, एवढेच तो शब्द सांगतो. जळणारा माणूस कोठे जाणार, हे तो सांगत नाही.

ग्रीकमध्ये या जळजळीसाठी स्वतंत्र क्रियापद आहे: ‘मेतामेलोमाइ’. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा इस्कार्योत चांदीची तीस नाणी परत करतो, तेथे लेखकाने हे क्रियापद योजले आहे, ‘मेतानोइया’चे नव्हे. यहूदाला दुःख झाले, त्याने पैसे फेकून दिले आणि गळफास घेतला. पेत्रानेही आपल्या गुरूला नाकारले होते, तोही रडला. पण तो परतला. ही दोन माणसे शेजारी शेजारी ठेवून शुभवर्तमानकार जे सांगू पाहतो, ते मराठीत सांगताना आपल्यापाशी फार तर ‘पश्चात्ताप’ आणि ‘पस्तावणे’ एवढाच पर्याय उरतो. आणि पस्तावणे हे तर पश्चात्तापाचेच तद्भव रूप! एकाच शब्दाच्या सोवळ्या आणि ओवळ्या रूपांनी दोन भिन्न मनोव्यापार कसे वेगळे करावेत?

ही अडचण केवळ मराठीची नव्हे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. लॅटिन बायबलात हाच शब्द ‘पेनितेंशियम आगिते’ असा आला आणि शतकानुशतके त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला गेला. इरॅस्मसने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा या भाषांतराविषयी शंका उपस्थित केली आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने आपल्या 95 प्रमेयांतील पहिलेच प्रमेय या शब्दाच्या अर्थावर उभे केले. प्रभूने जो पश्चात्ताप मागितला तो धर्मगुरूपुढे एकदा करून संपणारा विधी नसून सबंध आयुष्याचा व्यापार आहे, असा त्याचा आशय होता. एका शब्दाच्या भाषांतरातून युरोपात केवढी उलथापालथ झाली, हे सर्वश्रुत आहे.

महाराष्ट्रात मात्र ‘प्रायश्चित्त’ हा शब्द ख्रिस्ती होण्यापूर्वीच आपल्या जागी भक्कम बसलेला होता. ज्या काळाचा आपण विचार करीत आहोत त्याच काळात, ऑक्टोबर 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण गाजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी त्यात गुंतली होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) या ग्रंथात या प्रसंगाने आपल्या मनाला झालेला क्लेश नोंदवून ठेवला आहे. रानड्यांना चहाचा पश्चात्ताप झाला नव्हता. स्नेह्यांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी प्रायश्चित्त पत्करले. म्हणजे पश्चात्तापावाचून प्रायश्चित्त होऊ शकते, ही गोष्ट मराठी समाजाला पुरती ठाऊक होती. मिशनऱ्यांनी आणि भाषांतरकारांनी ‘प्रायश्चित्त’ टाळून ‘पश्चात्ताप’ स्वीकारला, यात त्यांचे शहाणपण दिसते. विधी टळला, हे खरे. त्याच्या जागी भावनेचा दाह आला. वळण मात्र दोहोंतही निसटले.

वारकरी परंपरेतील ‘अनुताप’ या शब्दाने ही उणीव काही अंशी भरून काढली असती. संतांच्या वाणीत अनुताप हा नुसता दाह नाही. तो माणसाला विठ्ठलाकडे नेतो. ना. वा. टिळकांनी हे ओळखले होते. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती आणि ‘अभंगांजली’तील त्यांची रचना या धारणेतूनच उमललेली आहे. परंतु ती काव्याची भाषा राहिली. व्यासपीठावरून आणि उपदेशातून ‘पश्चात्ताप’च बोलला गेला.

आता ‘क्षमा’. संस्कृत ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे. म्हणूनच पृथ्वीला ‘क्षमा’ हे नाव मिळाले. नांगर चालवा, खणा, ती सोसते. नव्या करारातील क्रियापद ‘आफिएमि’ याचा अर्थ मात्र सोडणे, सोडून देणे, मोकळे करणे असा आहे. मच्छीमार जाळी सोडतात तेथेही हेच क्रियापद येते आणि कर्ज सोडले जाते तेथेही हेच. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापाला थेट ‘ऋण’ म्हटले आहे आणि मराठी ख्रिस्ती माणूस आजही प्रार्थनेत ऋण सोडण्याचीच भाषा बोलतो. मला ही मराठी ख्रिस्ती परिभाषेतील सर्वांत नेमकी जागा वाटते. कारण ती ऐकणाऱ्यांना ऋण म्हणजे काय ते अनुभवाने माहीत होते. पुणे आणि नगर जिल्ह्यांत 1875 मध्ये सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव झाला तो सावकारांच्या विरोधात, आणि त्यात लोकांनी धाव घेतली ती कर्जरोख्यांवर. रोखे जाळल्याखेरीज ऋण संपत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्याच नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य चालू होते. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडावयाची असतात. कोणी ती सोडीत नाही. ऋण सुटू शकते ही कल्पनाच येथे नवी होती.

थोडक्यात, सोसणारा रोखा जपून ठेवतो आणि बोलत नाही. सोडणारा तो फाडतो, आणि फाडण्यापूर्वी त्यावरची रक्कम त्याला वाचावी लागते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दृष्टान्तात म्हणूनच आकडे नेमके दिले आहेत. धन्याचे येणे दहा हजार तालांत, चाकराचे आपल्या सोबत्याकडील येणे शंभर दीनार. आपल्या प्रवचनांतून शंभर दीनार म्हणजे क्षुल्लक रक्कम असे सांगण्याची प्रथा आहे. पण याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार सांगितली आहे. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांचे श्रम. गरीब माणसाला ते क्षुल्लक नसतात. देवापुढे आपले ऋण अगणित आहे म्हणून शेजाऱ्याने आपल्याला दिलेले दुःख नगण्य ठरते, असे दृष्टान्त म्हणत नाही.

पश्चात्तापानेच झालेला अपराध

या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’कडे वळल्यास त्यातील मध्यवर्ती प्रसंग वेगळा दिसू लागतो. ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली होती आणि मधली दोन वर्षे त्यांच्या मनात मोठी घालमेल चालली होती. डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलून गेले होते. ख्रिस्ती अर्थाने पाहता हे खरेखुरे ‘मेतानोइया’ होय. सबंध आयुष्याने घेतलेले वळण.

पण हे वळण घेताना पत्नी बरोबर नव्हती. तिची संमती नव्हती. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुलगा होता. टिळकांच्या दृष्टीने ज्या दिवशी त्यांची सर्व ऋणे सुटली, त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या नावे एक नवे ऋण उभे राहिले. नवऱ्याच्या हयातीत त्या ना सवाष्ण ना विधवा अशा अवस्थेत नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली. हा काळ सुमारे पाच वर्षांचा आहे, आणि पुस्तकाच्या विनोदी अंगावर भाळलेला वाचक तो भरभर वाचून पुढे जातो.

येथे ख्रिस्ती नीतिविचारापुढे एक असाधारण पेच उभा राहतो. सामान्यतः क्रम असा असतो: अपराध, मग पश्चात्ताप, मग क्षमा. येथे पश्चात्ताप हाच अपराध झाला आहे. ज्या कृतीने टिळक देवाकडे वळले त्याच कृतीने त्यांनी पत्नीकडे पाठ फिरवली. मग त्यांनी कशाबद्दल क्षमा मागावी? रागाच्या भरात घडलेल्या गोष्टींबद्दल टिळक वरमतात. स्वभावाने ते जितके तापट तितकेच हळवे होते. परंतु ख्रिस्ती झाल्याबद्दल ते पश्चात्तापदग्ध झाले, असे चित्र पुस्तकात नाही आणि तसे होणे शक्यही नव्हते. ज्या गोष्टीबद्दल अपराध्याला पश्चात्ताप होऊच शकत नाही, तिची क्षमा जिच्यावर अन्याय झाला तिने कशी करावी?

शुभवर्तमाने स्वतःच या बाबतीत एकसुरी नाहीत. लूकाच्या चौदाव्या अध्यायात शिष्य होऊ इच्छिणाऱ्याने आईबाप, पत्नी, मुले यांच्यावरील प्रेमालाही दुय्यम मानावे, असे अत्यंत कठोर शब्दांत सांगितले आहे. उलट मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, म्हणजे टिळकांना ज्याने जिंकले त्या डोंगरावरील प्रवचनातच, वेदीपाशी आल्यावर कोणाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे सांगितले आहे. मिशनच्या परंपरेने पहिले वचन धर्मांतरितांच्या समर्थनासाठी पुष्कळ वापरले. दुसरे वचन घरी राहिलेल्या पत्नीच्या बाजूने किती वेळा वाचले गेले असेल, याची शंकाच आहे. कायद्याचीही नजर धर्मांतर करणाऱ्याच्या अडचणीकडेच होती. 1866 च्या धर्मांतरित विवाहविच्छेद कायद्याने, जोडीदार धर्मांतरामुळे नांदावयास तयार नसल्यास, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विवाह संपविण्याचा मार्ग उपलब्ध करून दिला होता. टिळकांनी तो मार्ग धरला नाही, ही त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट आहे. ते थांबले.

धर्मांतराच्या आत्मकथनांचा मराठीतील प्रमुख नमुना म्हणजे बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (1888). पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 मधला. मराठी गद्याच्या इतिहासात या पुस्तकाचे स्थान मोठे आहे आणि त्यातील प्रांजळपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या शीर्षकातील रूपकच पाहावे. अरुणोदय ही निसर्गातील घटना आहे. सूर्य उगवल्याने कोणाचा अपराध होत नाही. अंधाराकडून उजेडाकडे अशी एकदा मांडणी झाली, की मागे राहिलेल्यांचे अश्रू ही नवशिष्याची कसोटी ठरते. त्या अश्रूंचा स्वतंत्र हिशेब मांडण्याची गरज राहत नाही. जुन्या करारातील एक्कावन्नाव्या स्तोत्राची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. परंपरेने ते दावीद राजाच्या तोंडी घातले आहे. उरीयाच्या पत्नीशी व्यभिचार करून, उरीयाला रणात मारवून मग हा राजा देवाला उद्देशून म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. पश्चात्तापाच्या वाङ्मयातील हे शिखर मानले जाते आणि भावनेच्या उत्कटतेत ते आहेही. मात्र त्यात उरीया नाही, बथशेबाही नाही. स्तोत्र देव आणि अपराधी या दोघांतच सुरू होऊन संपते. ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे जणू त्या घरातील बाईने लिहिलेली दुसरी बाजू होय.

लक्ष्मीबाईंचे वळण

लक्ष्मीबाईंनी नेमके काय केले? त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात वेगळी चूल, वेगळे पाणी असा संसार त्यांनी केला आणि टिळकांनी तो होऊ दिला. या व्यवस्थेकडे समीक्षकांनी गंमत म्हणून पाहिले आहे. मला ती या पुस्तकातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. ऋण मान्य करण्याची ती टिळकांची रीत होती. एकदा पत्नीच्या श्रद्धेला न जुमानता पाऊल उचललेला हा माणूस दुसऱ्या वेळी तिच्यासाठी थांबतो, तिच्या चुलीच्या मर्यादेबाहेर बसतो. शब्दांनी मागता न येणारी क्षमा त्याने वागण्याने मागितली, असे म्हणता येईल. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय अश्रू ढाळीत नाही. लुबाडलेले चौपट परत करतो म्हणून सांगतो. तेही ‘मेतानोइया’च.

सोवळे हा लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने केवळ आचार नव्हता. त्यांचे आजोबा 1857 च्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. पुस्तकाचा आरंभच तेथून होतो. म्हणजे शुद्धाशुद्धतेच्या भयाने ग्रासलेल्या घरात त्या वाढल्या. पुढे एके दिवशी, कोणी उपदेश केला नसताना, जातिभेद देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत, हे त्यांच्या मनात उजाडते आणि त्या इतरांच्या हातचे खाऊपिऊ लागतात. या प्रसंगात रडणे नाही, दाह नाही, साक्ष देण्याचा आविर्भाव नाही. विचार बदलला आणि हात बदलला. ग्रीक शब्दाचा इतका शुद्ध अर्थ मराठी गद्यात अन्यत्र मला आढळलेला नाही. आणि गंमत अशी, की तेथे ‘पश्चात्ताप’ हा शब्द बसवूच म्हटले तरी बसत नाही. 1900 मध्ये झालेला त्यांचा बाप्तिस्मा हा या वळणाचा पुढचा टप्पा होय.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे क्षणभर आठवणे उचित ठरेल. इंग्लंडमध्ये 1883 च्या सुमारास लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भगिनी चालवीत असलेले सेवाकार्य त्यांनी पाहिले आणि शोमरोनी स्त्रीची कथा ऐकली. या दोहोंमुळे आपले मन ख्रिस्ताकडे वळले, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. त्यांनाही प्रथम स्पर्श झाला तो स्वतःच्या पापाच्या जाणिवेचा नव्हे, तर इतर स्त्रियांना कोणी मोकळे करीत आहे या दर्शनाचा. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी केडगावला आयुष्याच्या अखेरपर्यंत केले आणि हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा असलेले शब्द त्यातून वगळण्याचा कटाक्ष ठेवला. शब्दांमागून अर्थ ओढला जातो, ही जाणीव त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती.

आता एका रास्त आक्षेपाचा विचार करावयास हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवऱ्याने टाकलेल्या ब्राह्मण स्त्रीपुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? जेथे नकार देण्याची शक्ती नाही तेथे क्षमेला काय अर्थ? स्त्रीवादी समीक्षेने उपस्थित केलेला हा प्रश्न टाळता येणार नाही. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ची जन्मकथाही लक्षात घ्यावी लागते. टिळकांचे निधन 1919 मध्ये झाले. त्यांचे चरित्र लिहावे या हेतूने मुलाने, देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहून काढावयास सांगितल्या. म्हणजे मूळ योजनेत हे पुस्तक नायकाच्या चरित्राची साधनसामग्री होते. अशा लेखनाचा कल समेटाकडे असणे स्वाभाविक आहे.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. साधनसामग्री म्हणून सुरू झालेल्या या लेखनात लक्ष्मीबाईंनी एकही रक्कम कमी करून लिहिलेली नाही. टिळकांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, घरातले काढून दुसऱ्याला देण्याची त्यांची उदार खोड आणि त्यापायी संसाराची झालेली ओढाताण, वियोगाच्या काळातील स्वतःची दैन्यावस्था, हे सारे त्यांनी नोंदवले आहे. पृथ्वीसारखे सोसणाऱ्या माणसाने हे लिहिले नसते. सोसण्याचे व्रत मौन मागते. आणि मनात रोखा जपून ठेवणाऱ्यानेही ते असे लिहिले नसते; त्याच्या लेखनाला वसुलीची धार आली असती. लक्ष्मीबाईंचा विनोद या दोहोंपासून दूर आहे. तो दुःख झाकण्यासाठी येत नाही. आकडा पूर्ण वाचून झाल्यावर रोखा हातातून सुटतो, त्या क्षणी तो येतो. म्हणूनच त्या विनोदात टिळक लहान होत नाहीत आणि स्वतः त्याही थोर होत नाहीत.

डीट्रिच बॉनहोफरने 1937 मध्ये ‘स्वस्त कृपे’वर टीका केली. शिष्यत्वाची किंमत न मोजता वाटली जाणारी क्षमा, असा तिचा आशय होता. ती किंमत अपराध्याने मोजावयाची, असे त्यात गृहीत आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते, की सोडणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते आणि ती किती, हे तोच सांगू शकतो. धर्मज्ञाने किंवा समीक्षकाने ती परस्पर ठरवू नये.

अध्यापनाच्या अनुषंगाने

पदवी वर्गाला ‘स्मृतिचित्रे’तील उतारे शिकवताना एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, की टिळकांनी बाईंची माफी कधी मागितली? मी तेव्हा काळाच्या संदर्भाविषयी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिने वापरलेला शब्दही लक्षात राहिला. माफी हा अरबीतून आलेला, दरबारी आणि महसुली व्यवहारात मुरलेला शब्द. शेतसारा माफ होतो, तसा. ‘क्षमा’ हा शब्द तिला सुचला नाही, कारण क्षमा मागावयाची नसते, ती करावयाची असते आणि बहुधा बायकांनी करावयाची असते, हे आपल्या भाषेने तिला आधीच शिकवले होते. माफीला निदान अर्ज लागतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतून येणारे उतारे बहुधा टिळकांच्या विक्षिप्तपणाचे, हसू आणणारे असतात. 1895 ते 1900 या वर्षांचा भाग वगळला, की उरते ते एका सोशिक पत्नीचे प्रसन्न चित्र. तो भाग अभ्यासक्रमात आल्यास धर्मांतराचा विषय वर्गात उघडावा लागेल आणि ते अवघड आहे, याची मला कल्पना आहे. परंतु वेगळ्या चुलीचा प्रसंग आणि सोवळे सुटल्याचा प्रसंग एकत्र शिकवता आले, तर त्या विद्यार्थिनीला उत्तर देण्याची जबाबदारी निदान शिक्षकावर राहणार नाही. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे स्वतः लिहून पूर्ण केले. त्या काव्याकडेही आपण आजवर पतिव्रतेने पार पाडलेले कर्तव्य म्हणूनच पाहत आलो आहोत. टिळकांचे अध्याय कोठे संपतात आणि बाईंचे कोठे सुरू होतात, तेथे पाप आणि पापक्षमेच्या भाषेत काही पालट होतो का, हे पाहावयास हवे. ते काम मी हाती घेतले आहे.